घाटे अळीवर विषाणूची फवारणी: आधी अळीची पेशी समजून घ्या, मग पंप उचला

येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) भज्जीसाठी तुरीच्या शेंगा अन् हरभऱ्याचे घाटे सोलायला बसलं, की रानाची खरी परिस्थिती ताटात उतरते. वरून टच्च दिसणारा घाटा, आणि त्याला पेन्सिलीच्या टोकाने पाडावं तसं गोल भोक. आत दाणा नाहीच. घाटे अळी डोकं आत खुपसून, निम्मं अंग बाहेर ठेवून खाते आणि मग शेजारच्या घाट्याकडे वळते. तुरीत शेंगा पोखरणारी, कपाशीत बोंडं फोडणारी, टोमॅटोत फळ सडवणारीही तीच.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि धाराशिव जिल्ह्यात आमची सात एकर शेती आहे. बारावीच्या वर्गात 'विषाणू पेशीत शिरतो, स्वतःच्या प्रती काढतो, पेशी फोडून बाहेर पडतो' हे फळ्यावर आकृती काढून कितीतरी वर्षं सांगत होते. तरी एनपीव्हीची, म्हणजे घाटे अळीला रोग लावणाऱ्या विषाणूची, बाटली पहिल्यांदा रानात आणली तेव्हा जे जे चुकीचं करता येईल ते सगळं केलं. दुपारी बाराला फवारलं, चिकटावं म्हणून कपडे धुण्याची पावडर टाकली, आणि हे सगळं अळ्या बोटाएवढ्या झाल्यावर. तिसऱ्या दिवशी दीर म्हणाले, "वहिनी, तुमच्या औषधानं अळ्याचं जेवण बंद होईना की!" खरंच होत नव्हतं. पुढं त्यांनी रासायनिक फवारा मारला आणि माझा प्रयोग तिथंच आटोपला.

चूक एकच होती, बाकीच्या सगळ्या तिच्यातून निघालेल्या. मी विषाणूला औषध समजत होते. औषध अंगावर पडलं तरी काम करतं. विषाणूला जिवंत पेशी लागते आणि तिच्यापर्यंत पोचायला ठरलेला रस्ता लागतो. तो रस्ता एकदा कळला, की फवारणीची प्रत्येक पायरी आपोआप सुचते.

बाटलीत नेमकं काय असतं

एनपीव्हीचा विषाणू बाटलीत उघडा नसतो. पॉलिहेड्रिन नावाच्या प्रथिनाचा एक पैलूदार खडा असतो आणि त्यात विषाणूचे बरेच कण बेदाण्यासारखे रुतलेले असतात. आपण या खड्याला दाणा म्हणू. दाणा साधारण एक-दोन मायक्रॉनचा, म्हणजे कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकात ४०० पट मोठा करून दिसणारा. सर्दीच्या नाहीतर चिकुनगुन्याच्या विषाणूला असं पाहता येत नाही. शेतकऱ्याच्या हाती लागणाऱ्या विषाणूंत डोळ्यांनी तपासता येण्यासारखा हा विरळाच, आणि त्याचा उपयोग पुढे करायचा आहे.

दाण्याचं कवच पावसाने, सडण्याने, मातीत पडण्याने सहसा बिघडत नाही. त्याला दोन गोष्टी भारी पडतात. एक ऊन, खरं तर उन्हातले अतिनील किरण. ते कवचाला काही करत नाहीत, आतला डीएनए नासवतात. दुसरी गोष्ट तीव्र अल्कधर्मी द्रव. त्यात कवचच विरघळतं. गंमत अशी की अळीच्या पोटात नेमका तोच द्रव असतो. आपल्या जठरात आम्ल असतं. या अळीच्या मधल्या आतड्याचा सामू (पीएच) १० च्या आसपास. दाणा बाहेर महिनोन्‌महिने टिकतो आणि अळीच्या पोटात काही मिनिटांत उघडतो. कुलूप आणि किल्ली अशी जमलेली.

आता माझी कपड्याची पावडर आठवा. कपडे धुण्याच्या पावडरीतला सोडा पाण्याचा सामू चांगलाच चढवतो. म्हणजे अळीच्या पोटात उघडायचं कुलूप मी पंपातच उघडून ठेवलं होतं, तेही भर उन्हात.

पहिली पायरी: अळी लहान असतानाच गाठणं

हरभऱ्याला फुलकळी दिसू लागली की रोज सकाळी रानातून एक चक्कर. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन दिवस एकेका सापळ्यात आठ-दहा पतंग सापडू लागले, तर पुढच्या चार-पाच दिवसांत बारीक अळ्या निघणार असं समजा. शेंड्याच्या पानांवर, कळ्यांवर खसखशीच्या दाण्यासारखी पिवळट पांढरी अंडी सुटी सुटी दिसतात. ढगाळ वातावरण पडलं की आमच्याकडे लोक सापळ्याकडे न बघताही 'आता अळी येणार' म्हणतात. बहुतेक वेळा खरं ठरतं, पण तारीख सापळाच सांगतो.

फवारणीचा मुहूर्त म्हणजे अंडी फुटताना, किंवा अळ्या पाऊण सेंटिमीटरच्या आत असताना. एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या की थांबू नका.

लहान अळीच का? मोठ्या अळीला मारायला दाणे कितीतरी पट जास्त लागतात हे एक कारण. दुसरं कारण पेशीचं आहे. विषाणू सगळ्यांत आधी आतड्याच्या अस्तरातल्या पेशींत शिरतो. अळीचं शरीर ओळखतं की या पेशी बाधल्या आहेत आणि त्या सरळ झडवून विष्ठेतून बाहेर टाकतं. कात टाकताना तर हे अस्तर मोठ्या प्रमाणावर नवं होतं. म्हणजे घराला आग लागायच्या आत पेटलेला पडदा ओढून अंगणात टाकावा तसं. लहान अळीत विषाणू त्याआधीच पुढच्या खोलीत पोचलेला असतो; मोठ्या अळीत हा बचाव जास्त यशस्वी ठरतो. माझ्या बोटभर अळ्यांनी तेच केलं असणार.

दुसरी पायरी: बाटली निवडणं

बाटलीवर दोनपैकी एक आकडा असतो. एक 'एलई', म्हणजे एका पूर्ण वाढलेल्या रोगट अळीतून निघेल इतका माल. ठरवून घेतलेलं प्रमाण असं की १ एलई म्हणजे ६०० कोटी दाणे. दुसरा आकडा 'पीओबी प्रति मिली', म्हणजे एका मिलीत किती दाणे. बाटलीवर १×१०^९ असेल तर मिलीला १०० कोटी. हरभऱ्यासाठी हेक्टरी २५० ते ५०० एलईपर्यंत शिफारशी आहेत, तुरीसाठी ५००. एकरात मोजायचं तर हरभऱ्याला १०० ते २०० आणि तुरीला २००. बाजारातल्या मालाची मात्रा मात्र लेबलवर जी असेल तीच धरा. दाण्यांचा हिशोब दोन बाटल्यांची तुलना करायला वापरा: एका रुपयाला किती दाणे पडतात ते काढून पाहा, स्वस्त बाटली बरेचदा महाग निघते.

उत्पादनाची तारीख बघाच. त्याहूनही महत्त्वाचं, दुकानात बाटली कुठं ठेवली होती ते बघा. एका वर्षी मी घेतलेली बाटली पत्र्याच्या शेडखाली, उन्हाच्या तिरिपेत ओळीने मांडलेल्यांपैकी होती. अळ्या जशाच्या तशा राहिल्या. रासायनिक औषधं ठेवतात तशी ही ठेवून चालत नाहीत. शक्य असेल तर कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या जैविक प्रयोगशाळेतून ताजा माल घ्या. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाशी जोडलेल्या केंद्रांत आधी फोन करून विचारलेलं बरं, हंगामात माल लवकर संपतो.

तिसरी पायरी: द्रावण

एकराला २०० लिटर पाणी धरा, म्हणजे १६ लिटरचे बारा-तेरा पंप. त्यासाठी:

- एनपीव्ही, ठरलेल्या मात्रेत
- गूळ १ किलो, आधी कोमट पाण्यात विरघळवून, गाळून
- कपड्याला देतात ती नीळ २०० ग्रॅम
- शेतीच्या दुकानात मिळणारं साधं स्टिकर (द्रावण पानाला चिकटवणारं द्रव्य), त्याच्या लेबलप्रमाणे

गूळ कशाला? अळीने पान खाल्लं तरच दाणा पोटात जातो. अंगावर पडलेला दाणा तिचं काहीच बिघडवत नाही. गुळाच्या गोडीने ती फवारलेला भाग चापून खाते. नीळ उन्हापासून आडोसा देते. याच ओघात सांगते: कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून वापरतात त्या काही चकाकीच्या रसायनांमुळे अळीच्या आतड्यातून बाधित पेशी झडून जाणं कमी होतं, असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. ऊनही अडतं आणि अळीचा बचावही ढिला पडतो.

कपड्याची पावडर, सोडा, चुना, बोर्डो मिश्रण यांतलं काहीही या टाकीत नको. आदल्या फवारणीची टाकी तीन वेळा विसळा. आमच्याकडच्या बोअरचं पाणी जड असलं तरी त्याचा सामू सहसा दाणा विरघळण्याइतका चढलेला नसतो, तरी विहिरीचं किंवा शेततळ्याचं पाणी असेल तर तेच घ्या. कपाशीवर हाच विषाणू कमी चालतो, कारण कपाशीच्या पानावर पडणारं दवच अल्कधर्मी असतं. हरभरा, तूर यांच्यावर हे संकट नाही.

द्रावण लागेल तेवढंच करा. उरलेलं उद्याला ठेवू नका.

चौथी पायरी: फवारणी

दुपारी चारनंतर सुरुवात करा, सूर्य कलल्यावर उत्तम. रात्रभर दाणे सुरक्षित राहतात आणि अळ्याही खात असतात. पानाच्या खालच्या बाजूला, कळीच्या बेचक्यात, घाट्यांवर सगळीकडे बारीक थेंब बसले पाहिजेत. तुरीत शेंडा आणि शेंगांचे घोस धरा, खोडाला अंघोळ घालून काही उपयोग नाही. थंडीत चार्जिंगचा पंप रात्री नीट चार्ज झालाय ना, एवढं पाहून निघा. आमचा अर्ध्या रानात बंद पडलेला आहे.

पाचवी पायरी: थांबणं

शेतकऱ्याला सगळ्यांत जड जाते ती ही पायरी, आणि विषाणूचं सगळं काम याच दिवसांत चालतं. म्हणून जरा आत जाऊन बघू.

पहिली रात्र. दाणा पोटात विरघळतो, कण मोकळे होतात. आतड्याला आतून एक जाळीदार आवरण असतं, ते ओलांडून कण अस्तराच्या पेशींना भिडतात. या पेशींवर गालिच्यासारखी बारीक लव असते. कणाच्या अंगावरची ठराविक प्रथिनं त्या लवेला चिकटतात, कणाचं पटल आणि पेशीचं पटल एकजीव होतं, आणि विषाणूचा गाभा आत ओतला जातो. ही प्रथिनं जुळली नाहीत तर सगळं इथंच संपतं. मधमाशी, ढालकिडा, परोपजीवी गांधीलमाशी यांना या फवारणीचा त्रास होत नाही, त्याचं एक कारण हे. माणसाच्या पेशीत तर असा विषाणू प्रयोगशाळेत ढकलला तरी त्याची वाढ होत नाही. दार उघडलं तरी आतली भट्टी त्याच्या कामाची नसते.

गाभा मग पेशीतल्या ॲक्टिनच्या धाग्यांना धरून केंद्रकाकडे जातो. ते धागे पेशीचेच. केंद्रकात शिरल्यावर विषाणू आपली जनुकं टप्प्याटप्प्याने वाचून घेतो. सुरुवातीची जनुकं पेशीच्याच यंत्रणेकडून वाचवून घेतो, त्यातून स्वतःची यंत्रणा उभी करतो आणि पुढची जनुकं स्वतःच्या यंत्रणेने वाचतो. सालगडी म्हणून आला आणि महिन्याभरात सातबारावर नाव चढवलं, असला प्रकार.

पेशी गप्प बसत नाही. आपण बाधलोय हे कळलं की ती आत्मघात करते, म्हणजे विषाणूची पैदास व्हायच्या आत स्वतःला मोडून टाकते. अळीच्या दृष्टीने हा शहाणपणाचा सौदा आहे, एक पेशी गेली पण बाकीच्या वाचल्या. विषाणूंनी यावरही तोड काढली आहे. याच कुळातल्या एका विषाणूत पी३५ नावाचं प्रथिन हा आत्मघात थोपवतं, हे १९९१ मध्ये दाखवलं गेलं. पेशी मरायला निघालेली असते आणि विषाणू तिला मरू देत नाही.

दुसरा-तिसरा दिवस. आतड्याच्या पेशीतून निघणारे नवे कण दाण्यात बांधलेले नसतात. ते पेशीच्या मागच्या बाजूने, म्हणजे शरीराच्या पोकळीकडे, पेशीचंच पटल पांघरून बाहेर पडतात. श्वासनलिकांच्या पेशींमधून आणि रक्तातून चरबीपर्यंत जातात. या कणांचा आत शिरायचा मार्गही वेगळा आहे. पेशी त्यांना गिळते, गिळलेली पिशवी आम्लधर्मी होते आणि त्या आम्लानेच त्यांची सुटका होते. दाण्यातल्या विषाणूला अल्क लागतं, पुढच्या फेरीतल्या त्याच विषाणूला आम्ल. तीच जनुकं, पण दोन वेशांत. एक वेश अळीकडून अळीकडे जायला, दुसरा पेशीकडून पेशीकडे. फळ्यावर हे लिहिलं की वर्गातली मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढं सरकतात.

अळी या दिवसांत खातच असते. 'औषध लागलं नाही' असं वाटतं ते इथंच. उलट विषाणूच तिला खायला लावत राहतो. त्याच्याकडे ईजीटी नावाचं जनुक असतं, ते कात टाकायला लावणारं संप्रेरक निकामी करतं. १९८९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. कात टाकताना अळी खाणं थांबवते, तेवढा काळही विषाणूला वाया घालवायचा नसतो. जितकी अळी मोठी, तितका माल जास्त.

याच दिवसांत घाईने रासायनिक कीटकनाशक मारलं तर अळी मरते, आणि तिच्यातला अर्धवट शिजलेला विषाणूही तिच्याबरोबर संपतो. मेलेल्या पेशीत प्रत निघत नाही. दिरांच्या फवाऱ्याने नेमकं हेच झालं. पिकाचं नुकसान हाताबाहेर जात असेल तर रसायन मारावंच लागतं, पण मग विषाणूचे पैसे गेले असं समजून मारा.

चौथा ते सातवा दिवस. पेशीचं केंद्रक आता फुगून पॉलिहेड्रिनच्या दाण्यांनी गच्च भरतं. अळी सुस्तावते, रंग फिका आणि तेलकट होतो, कातडी सैल पडते. मग ती झाडाच्या शेंड्याकडे चढते, मागच्या पायांनी फांदी धरून डोकं खाली करून लटकते आणि मरते. उंच जाऊन मरण्यात विषाणूचा फायदा आहे: वरून गळालेला माल खालच्या पानांवर पसरतो. झाडांवरच्या एका परदेशी पतंगाच्या अळीत हे चढणं ईजीटीशीच जोडलेलं आहे, असं २०११ मध्ये दिसलं. शेवटी विषाणूची दोन विकरं कायटिनेज आणि कॅथेप्सिन कातडीचा पार भुगा करतात. बोट लावलं की फुटते आणि आतून दुधाळ, तपकिरी पाणी गळतं. त्या पाण्याच्या थेंबाथेंबात दाणे.

आठ-दहा दिवसांनी दुसरी फवारणी करा. पतंग अंडी घालतच असतात, नवी पालवी पहिल्या फवारणीच्या वेळी नव्हतीच, आणि जुन्या पानांवरचे दाणे उन्हाने बरेचसे नासलेले असतात.

सहावी पायरी: पुढच्या फवारणीचा अर्क रानातूनच

सकाळी दव असताना लटकलेल्या अळ्या वेचा. न फुटलेल्या, नुकत्या मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या घ्या. तुरीत खाली तळवट अंथरून झाड हलवलं की काम लवकर होतं. हातात मोजे हवेत.

सगळ्या मेलेल्या अळ्या विषाणूच्याच असतील असं नाही. काळी पडून घाण वास मारणारी अळी बहुधा जिवाणूची. ताठ, पांढरट किंवा हिरवट पीठ माखल्यासारखी अळी बुरशीची. शेजारी छोटा कोश दिसला तर ती परोपजीवी गांधीलमाशीची, ती तिथंच राहू द्या.

वेचलेल्या अळ्या स्वच्छ पाण्याच्या बरणीत टाका. दोन-तीन दिवसांत त्या विरघळल्यागत होतात. मग लाकडी दांड्याने घोटून मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळा. पूर्ण वाढलेली एक अळी म्हणजे ढोबळमानाने १ एलई. रानातल्या अळ्या बहुतेक त्याहून लहान असतात, म्हणून हरभऱ्याच्या एकराला शंभराऐवजी दोनशे-अडीचशे धरा. अर्क लगेच वापरणं चांगलं. ठेवायचाच असेल तर काळ्या कागदात गुंडाळून, तारीख लिहून, थंड जागी. घरच्या फ्रिजमध्ये दुधाशेजारी नको. यात जिवाणूही भरपूर असतात, म्हणून घोटताना आणि फवारताना तोंडाला फडकं बांधा. हा अर्क स्वतःच्या रानापुरता. विकायचा तर कीटकनाशक म्हणून नोंदणी लागते.

खात्री करायची असेल तर जवळच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक थेंब घेऊन जा. ४०० पटीत चमकणारे, एकसारख्या आकाराचे दाणे दिसतील. चरबीचे थेंबही तसेच चमकतात, म्हणून काचपट्टीच्या कडेने धुण्याच्या सोड्याचं पाणी सोडा. दाणे असतील तर बघता बघता विरघळून नाहीसे होतात, चरबी तशीच राहते. अळीच्या पोटात जे घडतं तेच काचेवर घडतं. मी दर वर्षी बारावीला हे दाखवते.

रेशीमवाल्यांसाठी

बीड, जालना भागात तुतीचे प्लॉट वाढलेत. तिथले शेतकरी हा लेख वाचून दचकतील, कारण ग्रासरी हा रेशीमकिड्यांचा रोग याच कुळातला विषाणू करतो. कात नीट न पडणं, अंग फुगणं, दुधाळ पाणी गळणं, सगळं तसंच. पण तो विषाणू वेगळा. घाटे अळीचा एनपीव्ही रेशीमकिड्याचा ग्रासरी नव्हे. तरीही घरचा अर्क घोटायचं काम संगोपनगृहापासून लांब करा आणि त्याच कपड्यांनी आत जाऊ नका. अर्कातले जिवाणू कुणाचेच मित्र नाहीत.

हेच कुळ औषधनिर्मितीतही राबतं. पॉलिहेड्रिन इतकं भरमसाठ तयार होतं, की त्या जनुकाच्या जागी हवं ते जनुक बसवून पेशीकडून हवं ते प्रथिन करून घेता येतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या कोव्होव्हॅक्स या कोरोनाच्या लशीतलं काटेरी प्रथिन याच पद्धतीने तयार होतं, आणि त्या पेशी मूळच्या आपल्या मक्याचे पोंगे खाणाऱ्या लष्करी अळीच्या जातीतल्या.

यंदा दिरांनी तुरीच्या चार ओळी बिनफवारणीच्या सोडल्या आहेत, फरक बघायला. एवढं तुम्हीही करा: बाटली कुठलीही असो, एक पट्टा कोरा ठेवा, आणि सातव्या दिवशी दोन्हीकडच्या शेंड्यांवर लटकलेल्या अळ्या मोजून वहीत लिहा.